लीगच्या संघटनेचं काम काय?

प्रश्न : ‘युरोपियन लीग्ज’ ही युएफाचीच शाखा आहे का? तिची स्पर्धा टीव्हीवर कधी असते? (वाचक, इंदिरानगर)

शाखा नाही आणि तिची स्वतःची स्पर्धाही नाही. युएफा ही युरोपातल्या फुटबॉलची शिखर संस्था; तिचे सभासद म्हणजे ५५ राष्ट्रीय महासंघ. युरोपियन लीग्जचे सभासद म्हणजे इंग्लंडची प्रीमियर लीग, जर्मनीची बुंडेसलीगा यांसारख्या व्यावसायिक लीग चालवणाऱ्या संस्था. क्लबांची संघटना वेगळी, खेळाडूंची फिफप्रो वेगळी. युरोपियन लीग्जचं कार्यालय मात्र स्वित्झर्लंडमधल्या न्यों गावीच, जिथे युएफाचं मुख्यालय आहे. जुन्या बातम्यांत हीच संघटना ‘ईपीएफएल’ नावाने सापडेल.

प्रश्न : चॅम्पियन्स लीगचे सामने वाढले की प्रेक्षकांचा फायदाच. मग लीग तक्रार का करतात? (वाचक, सातपूर)

कारण वर्षातले आठवडे वाढत नाहीत. २० संघांच्या प्रीमियर लीगला ३८ फेऱ्या लागतात, १८ संघांच्या बुंडेसलीगाला ३४. २०२४-२५ पासून युएफाच्या चॅम्पियन्स लीगचे संघ ३२चे ३६ झाले, सामने १२५ वरून १८९ वर गेले आणि पहिला टप्पा थेट जानेवारीपर्यंत लांबला. ही जागा कुणाच्या तरी ताटातूनच निघणार. इंग्लंडमध्ये त्याच मोसमापासून एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या मुख्य फेऱ्यांतले बरोबरीनंतरचे फेरसामने बंद झाले. मोठ्या क्लबाशी बरोबरी साधून फेरसामन्याच्या तिकीटविक्रीत वाटा मिळवणाऱ्या छोट्या क्लबांचं हे खरं नुकसान आहे.

मूळ प्रस्ताव याहून वाईट होता. पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघाला १० सामने, शिवाय दोन जागा क्लबांच्या मागच्या वर्षांतल्या कामगिरीवर. म्हणजे देशातल्या लीगमध्ये मागे पडलेला बडा क्लबही आत! लीगचा खरा विरोध याला होता, आणि तो रास्तच होता; गुणतालिकेतून जागा मिळत नसेल तर मोसमाअखेरच्या मे महिन्यातल्या लढतींना अर्थ उरत नाही. मे २०२२मध्ये सामने ८ वर आले. त्या दोन जागाही आदल्या मोसमात ज्या देशांच्या क्लबांनी मिळून सर्वांत चांगली कामगिरी केली, त्या देशांकडे गेल्या.

फिफाशी भांडण अजून मिटलेलं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये युरोपियन लीग्जने फिफप्रो युरोपसह युरोपियन आयोगाकडे तक्रार दाखल केली. मुद्दा स्पर्धा-कायद्याचा आहे : वेळापत्रकाचे नियम फिफाच करते आणि त्यात स्वतःच्या स्पर्धाही फिफाच घुसवते. पॅरिसच्या पीएसजी क्लबाचं २०२५ पाहा. ३१ मेला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, १३ जुलैला फिफाच्या क्लब विश्वचषकाचा अंतिम सामना, १३ ऑगस्टला युएफाचा सुपर कप. विश्रांती आणि सराव, दोन्हीसाठी मधला एकच महिना.

प्रश्न : तिकडे लहान क्लबांना ‘सॉलिडॅरिटी’चे पैसे मिळतात म्हणे. आमच्या क्लबाला मिळतील? (प्रशिक्षक, नाशिकरोड)

आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. युएफा आपल्या स्पर्धांत न खेळणाऱ्या क्लबांना देते तो निधी फक्त युरोपातला. फिफाचा सॉलिडॅरिटी वाटा मात्र जगभर लागू आहे. करार संपायच्या आत परदेशी क्लबाने पैसे मोजून खेळाडू घेतला, तर रकमेतले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात : बाराव्या ते पंधराव्या वाढदिवसाच्या मोसमांना प्रत्येकी ०.२५ टक्के, सोळाव्या ते तेविसाव्यासाठी प्रत्येकी ०.५ टक्के. चौदावा, पंधरावा आणि सोळावा वाढदिवस आपल्याकडे झाला असेल तर एकूण १ टक्का. १० लाख युरोच्या व्यवहारात १० हजार युरो.

हे हुकतं ते नोंदणीत. खेळाडू कोणत्या मोसमात कोणत्या क्लबाकडे होता हे सांगणारा त्याचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट फिफा महासंघांच्या नोंदींवरूनच बनवते आणि त्यावरून फिफाचं क्लिअरिंग हाउस पैसे वाटतं. मुलगा तीन वर्षं आपल्या मैदानावर घाम गाळत असेल, पण एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस या नोंदणी प्रणालीत त्याचं नाव नसेल, तर ती वर्षं धरली जाणार नाहीत. म्हणून आधी जिल्हा संघटना आणि ‘विफा’ या राज्याच्या फुटबॉल संघटनेमार्फत क्लबाची संलग्नता पाहा, मग दर मोसमात प्रत्येक मुलाची नोंदणी करा. जन्मदाखला आणि आधारवरची जन्मतारीख, नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे ना, हे अर्ज भरण्याआधीच तपासा. नोंदणीच्या पावत्या खेळाडू क्लब सोडून गेल्यावरही जपून ठेवा. हक्क सांगायची वेळ कधीकधी दहा वर्षांनी येते.