कल्ल्यांवरची ‘अळी’ आणि डायपोर्पाचं बारसं

प्रश्न असा आहे: माशाच्या कल्ल्यांवरच्या परजीवींच्या पिल्लाला ‘अळी’ म्हणावं का?

मुळीच नाही. ‘कल्ल्यांत अळ्या पडल्यात’ हे सारखं ऐकून कान किटले. अळी कीटकाची असते. कल्ल्यांवरचा डॅक्टिलोगायरस हा चपटा कृमी, तर अर्गॅसिलस कोळंबीच्या गोतातला (त्यातही कल्ल्यांना चिकटते ती फक्त मादी). अशा पिल्लासाठी ‘डिंभ’ (लार्व्हा) हा शब्द आहे, तो वापरावा.

खरी मौज या चपट्या कृमींच्या डिंभाच्या नावात आहे: ऑन्कोमिरॅसिडियम. ग्रीकमध्ये ‘ऑन्कोस’ म्हणजे आकडा (हूक) आणि ‘मिराकिडिऑन’ म्हणजे कोवळं पोर. हे आकडेवालं पोर अंड्यातून निघतं ते रोमकांनी (अंगावरच्या सूक्ष्म केसांनी) पोहत थेट मासा गाठायला. मध्ये दुसरा पोशिंदा लागत नाही, म्हणूनच दाटीच्या टाकीत लागण झपाट्याने पसरते.

त्याहून सुंदर शब्द ‘डायपोर्पा’. प्राणिशास्त्रज्ञ नॉर्डमनने 1832 मध्ये डिप्लोझून वर्णिला, कल्ल्यांवरचाच एक चपटा कृमी, दोन देह फुलीसारखे जुळलेला. त्याचा एकटा, न जुळलेला डिंभ म्हणजे डायपोर्पा. ‘पोर्पे’ म्हणजे वस्त्र अडकवायचं बक्कल. ‘दोघं एकमेकांत अडकतात म्हणून दुहेरी बक्कल’ ही व्युत्पत्ती ठोकून देणारे सालं तपासत नाहीत. दुजार्दँने हे नाव 1845 मध्ये दिलं ते स्वतंत्र प्राणी समजूनच. दोन डायपोर्पा मिळून एक डिप्लोझून होतो हे सीबोल्डने दाखवलं 1851 मध्ये. मग नावात जोडप्याचा संकेत येईल कुठून? माझ्या मते ही बक्कलं म्हणजे डिंभाच्या मागच्या टोकाचे चिमटे. अंड्यातून निघताना त्यांची एकच जोडी असते, प्रौढाच्या प्रत्येक देहावर चार जोड्या.

जुळणी मात्र खरोखर बकलासारखीच होते. एकाच्या पोटावरची चूषकी (चिकटायची वाटी) दुसऱ्याच्या पाठीवरचा उंचवटा पकडते, दुसराही पीळ घेऊन तेच करतो, आणि देह कायमचे सांधले जातात. जननेंद्रियं पिकतात ती त्यानंतरच. जोडीदार न मिळालेला डायपोर्पा कधीच प्रौढ होत नाही.

आणि हो, ‘अळी’ म्हटल्याने नुकसानही होतं: दिसणाऱ्या ‘अळ्या’ मेल्या की लोक औषध थांबवतात. डॅक्टिलोगायरसच्या अंड्यांच्या कवचातून औषध सहसा आत पोचत नाही. कोमट पाण्यात ती काही दिवसांत फुटतात, थंड पाण्यात कित्येक आठवडे लागतात. दुसरी मात्रा त्या हिशेबाने, नवे डिंभ अंडी घालण्याजोगे होण्याआधी द्यावी लागते. तपासणीलाही ताजाच मासा घ्यावा. मासा मेला की हे कृमी कल्ले सोडू लागतात.