मोर्झीनला जा, पण मार्चचा हप्ता भरू नका

पत्र थोडक्यात असं आहे: "मी ४१ वर्षांचा, नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. हातात महिना १ लाख १५ हजार येतात, दिवाळीला लाखभर बोनस. पत्नी घर सांभाळते, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. घराचं कर्ज ४२ लाख बाकी आहे, १७ वर्षं, ८.४ टक्के, हप्ता ३९ हजार. घरखर्च ५० हजार. सहा वर्षं माउंटन बायकिंग करतोय. रविवारी पांडवलेणीचा डोंगर नाहीतर अंजनेरीकडच्या वाटा. येत्या जुलैत आम्ही चौघं मित्र फ्रान्सच्या आल्प्समध्ये मोर्झीन आणि ले जेला आठ दिवस बायकिंगला जायचं म्हणतोय, माणशी ३ लाख. मार्च २०२३ मध्ये मी गॅरंटीड इन्कम पॉलिसी घेतली. दीड लाखाचे १० हप्ते, मग मार्च २०३४ पासून १० वर्षं दरसाल २ लाख ७० हजार. विमा १५ लाखांचा. तीन हप्ते भरले, चौथ्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. एजंट म्हणतात, याच पॉलिसीवर सहलीसाठी कर्ज घ्या, उत्पन्न सुरू झालं की फेडा. दुसरा पर्याय पर्सनल लोनचा, ११.५ टक्के, ३ वर्षं. पत्नीच्या नावे ५ हजारांची एसआयपी चौदा महिने चालू आहे, ती तीन वर्षांत दुप्पट होईल, त्यातून लोन संपवता येईल. बचत आणि एफडी मिळून २ लाख. आरोग्य विमा कंपनीचा आहे, ३ लाखांचा. दोनपैकी कुठलं कर्ज स्वस्त पडेल?"

पॉलिसीवरचं कर्ज स्वस्त पडेल, पण ते तुम्हाला पुरेसं मिळणारच नाही. तुम्ही साडेचार लाख भरलेत. या काळात घेतलेल्या अशा पॉलिसीची तीन हप्त्यांनंतरची हमीची सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मोडली तर मिळणारी रक्कम, भरलेल्या रकमेच्या ३५ टक्के, म्हणजे १ लाख ५७ हजारांच्या आसपास असते. कर्ज मिळतं ते तिच्या ८०-९० टक्के. म्हणजे सव्वा ते दीड लाखाच्या मध्ये कुठेतरी. तीन लाखांची सहल त्यात कशी बसणार? एजंटांनी एकतर हा हिशेब केला नाही, किंवा केला आणि तुम्हाला सांगितला नाही. दोन्ही गोष्टी मला सारख्याच खटकतात.

पर्सनल लोनचा हप्ता ९,९०० येईल आणि तीन वर्षांत ५६ हजार व्याज जाईल. आता तुमचा महिना बघा. १ लाख १५ हजारांतून घराचा हप्ता ३९, घरखर्च ५०, पॉलिसीचे महिन्याला साडेबारा आणि एसआयपीचे ५ हजार गेले की उरतात साडेआठ हजार. नवा हप्ता त्यात मावत नाही. एसआयपी तीन वर्षांत दुप्पट होते हे कोणी सांगितलं? तीन वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला २६ टक्के, तेही सगळी रक्कम पहिल्याच दिवशी गुंतवलेली असेल तर. एसआयपीचा शेवटचा हप्ता तर एखादा महिनाच गुंतलेला असतो. १२ टक्के मिळाले, तर भरलेल्या १ लाख ८० हजारांचे तीन वर्षांअखेर सव्वादोन लाखांच्या आतच होतील. त्या भरवशावर कर्ज काढू नका.

तर दोन्ही कर्जं नकोत. पण तुमचं पत्र वाचताना मी थांबलो तो दुसऱ्याच आकड्यावर. विमा १५ लाखांचा, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय.

घराचा हप्ता आणि घरखर्च मिळून तुमच्या घराला महिन्याला ८९ हजार लागतात. १५ लाखांना ८९ हजारांनी भागा. सतरा महिने. तुम्ही नसाल तर सतरा महिन्यांत पैसे संपतील, तेव्हा मुलगी तेरा-चौदा वर्षांचीच असेल आणि घराचं बहुतेक सगळं कर्ज जागच्या जागी असेल. कर्ज आधी फेडायचं म्हटलं तर १५ लाख पहिल्याच दिवशी जातील आणि २७ लाख उरावर राहतील. हे मी तुम्ही डोंगरउतारावर सायकल घालता म्हणून म्हणत नाही. रोज सातपूरला दुचाकीवरून जाणाऱ्यालाही हेच लागू आहे. विम्याच्या नावाखाली वर्षाला दीड लाख भरणाऱ्या माणसाच्या घराला सतरा महिन्यांचं संरक्षण असावं, हे मला सहन होत नाही, आणि असं पत्र मला दर महिन्याला येतं.

आता "१५ लाख भरा, २७ लाख मिळवा, ८० टक्के फायदा" हे जे तुम्हाला सांगितलं असणार, त्याकडे या. या पॉलिसीत प्रत्येक हप्ता बरोबर ११ वर्षांनी परत येतो. मार्च २०२३ चे दीड लाख मार्च २०३४ ला २ लाख ७० हजार होऊन येतात, २०२४ चे २०३५ ला, असे शेवटपर्यंत. अकरा वर्षांत दीडाचे पावणेतीनही नाहीत. वर्षाला साडेपाच टक्के. हेच दीड लाख पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी ११ वर्षं राहिले असते तर ३ लाख १९ हजार झाले असते. एकेका हप्त्यामागे ४९ हजारांचा फरक, दहा हप्त्यांत सुमारे पाच लाख. आणि पॉलिसी घेतली ती मार्चमध्ये, म्हणजे करबचतीसाठी. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की गेल्या वर्षापासून नवी करप्रणाली निवडली. तिथे विम्याच्या हप्त्यावर मिळणारी ८०सी ची करवजावटच नाही. ज्या कारणासाठी घेतली ते कारणही गेलं.

एवढं वाचून रागाने सरेंडर करायला जाल, म्हणून आधीच सांगतो: सरेंडर करू नका. इथे लोक दुसऱ्यांदा फसतात.

तिसरा रस्ता पेड-अपचा आहे. पुढचे हप्ते थांबवले की पॉलिसी बंद पडत नाही, भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात लहान होते. दहापैकी तीन हप्ते भरले, म्हणजे २०३४ पासून २ लाख ७० हजारांच्या ३० टक्के, दरसाल ८१ हजार, दहा वर्षं. सरेंडर केलंत तर आज १ लाख ५७ हजार मिळतील. त्या पैशांतून २०३४ पासून तेवढेच ८१ हजार उभे करायचे तर वर्षाला साडेचौदा टक्क्यांच्या वर परतावा लागेल, आणि तोही हमीचा. मिळणार नाही. म्हणून अडकलेले पैसे अडकलेलेच राहू द्यात, नवे घालू नका. उरलेले सात हप्ते भरत राहिलात तर त्या जादा पैशांवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास सुटतं. तुमच्या घराचं कर्ज ८.४ टक्क्यांनी चालू आहे. साडेसहा मिळवण्यासाठी ८.४ चं देणं अंगावर ठेवण्यात अर्थ नाही.

एक अट आहे. काही पॉलिसींत पेड-अप झाल्यावर उत्पन्न प्रमाणापेक्षा जास्त कमी होतं. पॉलिसीच्या कागदात ते कलम काढा आणि कंपनीला ईमेल करा: आज पेड-अप केली तर २०३४ पासून दरसाल किती, आज सरेंडर केली तर किती? दोन्ही आकडे लेखी मागा. कंपनीचा विशेष सरेंडरचा आकडा हमीपेक्षा बराच मोठा आला, तर हिशेब पुन्हा करू. हे एजंटला फोनवर विचारू नका.

आता क्रम. तो चुकला तर बाकी सगळं बरोबर असूनही घर उघड्यावर पडतं. पेड-अप झाल्यावर विमाही १५ लाखांचा साडेचार लाख होतो. म्हणून आधी दीड कोटीचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, साठाव्या वर्षापर्यंतचा. हप्ता वर्षाला तीस हजारांच्या आसपास येईल; सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. वैद्यकीय तपासण्यांत दोन-तीन आठवडे जातात, तेव्हा अर्ज याच आठवड्यात करा. अर्जात धोक्याचे खेळ खेळता का, असा प्रश्न असतो. तिथे माउंटन बायकिंग स्पष्ट लिहा, वर्षातून किती वेळा, कुठे, सगळं. हप्ता थोडा वाढला तर वाढू द्या. लपवलंत तर ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी तुमच्या पत्नीला कंपनीशी भांडत बसावं लागेल. आणि अर्ज करतानाच हा विमा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्या. त्याने ही रक्कम पत्नी-मुलांची ठरते, देणेकऱ्यांना तिच्यावर हात टाकता येत नाही. नंतर तसा बदल करता येत नाही.

टर्म पॉलिसी हातात आली की मगच जुनीचा हप्ता थांबवा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची जादा मुदत असते, म्हणजे मार्चमधल्या देय तारखेनंतर महिनाभर वेळ आहे, पुरेल. एजंटांचे फोन येतील, "गॅरंटी जाईल" म्हणतील. बंद पडलेले हप्ते पुन्हा सुरू करायला पाच वर्षं मिळतात, एवढं त्यांना सांगा. त्यांनी परताव्याचे काही मेसेज पाठवले असतील तर जपून ठेवा. कंपनीकडे आणि मग विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, तिथे फी लागत नाही. माझ्या अनुभवाने लेखी पुरावा नसेल तर मात्र हाती फारसं लागत नाही.

चौथ्या हप्त्याचे जे दीड लाख बाजूला आहेत, त्यांना आता काम देऊ. तीस हजार टर्मला. पंचवीसेक हजार घरच्या चौघांच्या दहा लाखांच्या आरोग्य विम्याला. कंपनीचे तीन लाख नोकरी सुटली की त्याच दिवशी संपतात. पाचेक हजार वैयक्तिक अपघात विम्याला, आणि तो घेताना हाड मोडून घरी बसावं लागलं तर दर आठवड्याला भरपाई देणारा घ्या. सायकलवरून खांद्यावर पडलात तर अनेकदा गळपट्टीचं हाड जातं, आणि दीड-दोन महिने कारखान्याच्या मजल्यावर उभं राहता येत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. साहसी खेळ त्यात वगळलेत का, ते मात्र वाचा. उरलेले ९० हजार तुमच्या दोन लाखांत टाका. तीन महिन्यांच्या खर्चाएवढा साठा झाला. त्याला सहलीसाठी हात लावायचा नाही.

सहलीचं म्हणाल तर तुम्ही जावं, असं मला मनापासून वाटतं. सहा वर्षं दर रविवारी पहाटे उठून जो डोंगर गाठतो त्याने ले जेला एकदा जाऊन यावं. २००४ ची आणि २०२२ ची माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा तिथे झाली. मोर्झीन, आव्होरियाझ, शातेल आणि पलीकडे स्वित्झर्लंडमधलं शांपेरी, एवढा मुलूख लिफ्टने जोडलेला आहे, सायकलसकट वर नेतात. पण या जुलैत नको. पुढच्या वर्षीच्या, २०२७ च्या जुलैत.

कारण सरळ आहे. पॉलिसीचे साडेबारा आणि उरणारे साडेआठ मिळून महिन्याला २१ हजार मोकळे होतात. त्यातले ५ हजार पुढच्या वर्षीच्या विम्याच्या हप्त्यांसाठी ठेवा. राहिले १६. एप्रिलपासून पुढच्या जूनपर्यंत पंधरा महिने, २ लाख ४० हजार. बोनसमधले ८५ हजार. सव्वातीन लाख झाले, एक रुपया कर्ज न काढता. हे पैसे रिकरिंग खात्यात ठेवा, शेअर बाजारात नाही.

तीनऐवजी सव्वातीन मी मुद्दाम धरले. तुमच्या अंदाजात विमान, राहणं, भाड्याची सायकल, लिफ्टचा पास आणि जेवण आहे. दोन गोष्टी राहिल्या. पहिली, भाड्याच्या सायकलचं नुकसान. मोडलेल्या भागाचे पैसे तुम्हीच भरायचे असतात, म्हणून दुकानाचं नुकसान-संरक्षण मिळत असेल तर घ्या. दुसरी, प्रवास विमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा लागतो, आणि बहुतेक जण सर्वांत स्वस्त घेऊन मोकळे होतात. अशा कित्येक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. लिफ्टने वर जाऊन बाइक पार्कच्या वाटांवर उतरणं धरलंय का, आणि हेलिकॉप्टरने सुटका धरलीय का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. तुमच्या फेरीत फ्रान्स-स्वित्झर्लंडची हद्द दिवसातून दोनदा ओलांडली जाते आणि स्विस बाजूला हेलिकॉप्टरचं हजारो फ्रँकचं बिल थेट रुग्णाच्या किंवा त्याच्या विमा कंपनीच्या नावावर येतं. नाशिकला तुम्ही तासभर चढता तेव्हा एकदा उतरता. तिथे लिफ्ट असल्याने दिवसाला आठ-दहा उतार होतात, ब्रेक दाबून हात थकतात. दुपारनंतरचे उतार विम्याशिवाय करू नका.

पॅकेज इथल्या कंपनीकडून घेतलंत तर वर टीसीएस, म्हणजे विकतानाच वसूल होणारा कर, भरावा लागेल. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर तेवढे पैसे अडकतात. तिकीट आणि राहणं स्वतः काढा. लिफ्ट जूनच्या शेवटी पूर्ण सुरू होतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, तेव्हा मित्रांना २०२७ च्या तारखा आत्ताच विचारा. त्यांच्यातल्या कोणाकडे टर्म विमा आहे, हेही त्याच वेळी विचारा.