वाचक विचारतात: डास आणि तापाचा संबंध कुणी शोधला?

प्रश्न: आमच्या गल्लीत डेंग्यूचे पेशंट निघालेत, घरोघरी बॅरल तपासायला माणसं येत्यात. डासानं ताप पसरतो हे पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: मलेरिया डासानं पसरतो हे दाखवणाऱ्या रोनाल्ड रॉसचं नाव सगळ्यांना माहिती असतं, पण तुमच्या बॅरलमधल्या डासाचा विषय निघाला की क्युबातल्या डॉक्टर कार्लोस फिनलेचं नाव घ्यायलाच पाहिजे. त्यानं 1881 मध्ये हवानात सांगितलं की पीतज्वर (यलो फीवर, कावीळ करणारा जीवघेणा ताप) डास पसरवतो, आणि तो डास म्हणजे एडिस इजिप्ती, आज आपल्याकडं डेंग्यू पसरवणारा तोच! जवळजवळ 20 वर्षं कुणी त्याला सिरीयसली घेतलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याचे प्रयोग पटले नाहीत त्याला कारणही होतं. पेशंटला चावलेला डास तो थोड्याच दिवसांत निरोगी माणसाला चावायला लावायचा, पण विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला साधारण 12 दिवस लागतात, म्हणून बहुतेक लोक आजारीच पडायचे नाहीत. 1900 मध्ये वॉल्टर रीडच्या अमेरिकन टीमनं फिनलेनंच दिलेल्या अंड्यांतून डास वाढवले, जास्त दिवस थांबले आणि त्याचं म्हणणं खरं ठरलं. त्या टीममधले डॉ. जेसी लझिअर पीतज्वरानंच गेले.

आता बॅरलचं. या डासाची अंडी पाण्याच्या कडेला, भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, त्यामुळं नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, आतून ब्रशनं खसाखसा घासा आणि मगच भरा.