घर दुरुस्त झाले, कागद राहिले

प्रश्न : मोरजी येथे आमचे चिऱ्यांचे जुने, कौलारू घर आहे. आईवडिलांचा विवाह 1969 मध्ये गोव्यातच झाला. वडील 2018 मध्ये मृत्युपत्र न करता वारले. आम्ही दोन भाऊ व एक बहीण; तिघांचेही विवाह गोव्यातच झाले. मी स्वतःच्या पैशांतून छप्पर व फरशी बदलली, मागे स्नानगृह बांधले, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला. आता घर विकायचे आहे. लग्नात बहिणीला दागिने दिल्यामुळे तिची सही लागणार नाही, असे दलाल सांगतो. हे खरे आहे का? माझा खर्च मला मिळेल का?

उत्तर : दलालाचे म्हणणे साफ चुकीचे आहे आणि त्यावर विसंबून आपण विसार घेऊ नये, ही कळकळीची विनंती. गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे हे घर आपल्या आईवडिलांचे सामाईक असल्यास निम्मे आजही आईंचे आहे आणि वडिलांच्या निम्म्या हिश्शाचे तीन समान भाग होऊन प्रत्येक भावंडाकडे एकूण घराचा सहावा हिस्सा येतो. मुलगी म्हणून बहिणीचा वाटा तसूभरही कमी नाही. दागिन्यांचा हिशेब वाटणीत मांडायचा की नाही, हा निराळा प्रश्न आहे; त्यामुळे तिचे वारसत्व संपत नाही. शिवाय याच सामाईक मालकीच्या नियमामुळे आपल्या पत्नी, वहिनी व मेहुणे यांच्याही सह्या विक्रीखतावर लागतील. खुद्द माझ्यासमोर असे व्यवहार शेवटच्या दिवशी एका जावयाच्या सहीसाठी अडलेले आहेत.

यासाठी आधी विशेष नोटरीसमोर वारसांचा दस्त, म्हणजे 'डीड ऑफ सक्सेशन', करून घ्यावा आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या नोंदीवर, सर्वांची नावे चढवावीत. वारसांत एकमत नसेल, तर 2012च्या गोवा वारसा कायद्याखाली इन्व्हेंटरीची कार्यवाही, म्हणजे मालमत्तेची यादी करून न्यायालयामार्फत वाटणी, करावी लागेल. घरपट्टीची पावती आपल्या नावावर आहे, एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. भाटात (घराभोवतीच्या बागायती जमिनीत) कोणी मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, असल्यास 1975च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, ही गोष्ट खरेदीदारापासून लपवू नये.

खर्चामुळे आपला हिस्सा आपोआप वाढत नाही. मात्र विक्रीच्या रकमेतून तो आधी वळता करावा, असे सर्वांनी आताच लेखी ठरवले तर पुढे कटुता येणार नाही. बिले जपून ठेवा. भांडवली नफ्याच्या करातही सुधारणेचा खर्च दाखवता येतो.

स्नानगृहाची मला अधिक काळजी वाटते. मोरजी किनाऱ्यावरचे गाव आहे आणि किनाऱ्यालगतच्या नियमन क्षेत्रात, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात, जुन्या अधिकृत घराच्या दुरुस्तीला वाव असतो, पण पाया ओलांडून केलेल्या वाढीव बांधकामाला नसतो. पंचायतीचा व किनारपट्टी प्राधिकरणाचा परवाना घेतला होता का, हे प्रथम तपासावे.

आपण पाठवलेल्या छायाचित्रात वसरीच्या (ओसरीच्या) भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, पांढरी खारट रेघ उमटलेली दिसते. चिरा पाणी शोषतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते सुकून जात असे, सिमेंटखाली मात्र ते कोंडून राहते. डिसेंबरात घर पाहणाऱ्याला ही भिंत कोरडी भासेल आणि आषाढात तिचे पोपडे पडतील. खरेदीदाराला हे आधीच सांगा, किंवा तेवढा गिलावा काढून चुन्याने पुन्हा करा.

आईंना हे घर विकायचे आहे का, हे आपल्या पत्रात कुठेच आलेले नाही. निम्मे घर त्यांचे आहे. दलालाला पुन्हा बोलावण्याआधी त्यांना विचारा.