आधी करार, मग कपाळ

माई, मी एकोणपन्नास वर्षांची. नाव छापू नका, चेहरा ओळखीचा आहे. बरीच वर्षं मालिकांमध्ये काम केलं, एका भूमिकेने तर घराघरात नाव झालं. करोनात शूटिंग थांबलं तेव्हा वेंगुर्ल्याजवळ माहेरी आले ती इथेच राहिले. केस रंगवणं तेव्हाच सोडलं. यंदा सातेरीच्या जत्रेत मंडळाने पाहुणी म्हणून बोलावलं. तिठ्यावर बॅनर लावला, त्यावर माझा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो. पोरांनी फेसबुकवरून उचललेला. मी स्टेजवर चढले आणि पुढून आवाज आला, "ही कोण गो? फोटोतली खंय गेली?" सगळे हसले. मीही हसले, घरी येऊन रडले. त्याच आठवड्यात मुंबईहून नव्या मालिकेसाठी फोन आला. नायकाच्या आईचं काम. नायक माझ्याहून सात वर्षांनी लहान! वर सांगतात, "मॅडम, एचडीत सगळं दिसतं. कपाळाचं आणि डोळ्यांखालचं जरा करून घ्या, केस काळे करा." मुलगी म्हणते मुळीच जाऊ नकोस, वहिनी म्हणते मिळतंय ते घे. पैशांची गरज आहे. काय करू?
– वेंगुर्ले तालुक्यातली एक वाचक

बाय गो,

आधी तो बॅनर उरकून टाकू, त्याचं औषध सोपं आहे. पोरांनी फोटो फेसबुकवरून उचलला, म्हणजे तिथे अजून तोच लावलेला आहे. तुझ्याकडे आजचा चांगला फोटो नसेल तर मंडळाची पोरं कुठून आणणार? एखाद्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याला बोलाव, सकाळच्या उन्हात, आहेत त्या केसांनी, चांगली साडी नेसून चार फोटो काढून घे आणि प्रोफाइलला लाव. पुढच्या वेळी बोलावणं आलं की तोच पाठवायचा. पुढून ओरडणाऱ्याचं तोंड काही बंद होणार नाही, पण त्याला निदान नवीन विनोद शोधावा लागेल.

आणि तो ओरडणारा त्याच जत्रेत रात्री दशावतार बघायला बसला असणार. आपल्याकडच्या दशावतारात राणी, राजकन्या सगळ्या पुरुषच करतात. पन्नाशी उलटलेला, थोडं पोट सुटलेला माणूस देवळाच्या एका कोपऱ्यात पेटाऱ्याशेजारी बसतो, एका हातात लहानसा आरसा धरून दुसऱ्या हाताने गालाला लाली लावतो, भुवया कोरतो, लुगडं नेसतो, गजरा माळतो. मग उजाडेपर्यंत तो तरुण राजकन्या असतो. बोलायला लिहिलेली संहिता नाही, सगळं तोंडपाठ नि ऐनवेळचं. तो रडला की पुढच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. त्याचं वय कोणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. विचारतात ते एवढंच, की काम कसं केलंन. तीच माणसं, तीच जत्रा, आणि खरी बाई पाहुणी म्हणून आली की हिशोब सुरकुत्यांचा. याचा मला राग येतो, आणि तुलाही यावा. रडायच्या आधी रागव.

आता मुंबईचा फोन. सात वर्षांनी लहान मुलगा, यात नवीन काही नाही. राखी 1976 च्या 'कभी कभी'त अमिताभ बच्चनची प्रेयसी होती आणि 1982 च्या 'शक्ती'त त्याची आई. जन्मसाल बघशील तर ती 1947 ची, तो 1942 चा. म्हणजे मुलगा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा! आपली रीमा लागू 1989 मध्ये सलमान खानची पडद्यावरची आई झाली तेव्हा जेमतेम तिशीची होती. दहा वर्षांनी 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई झाली, तो तिच्याहून फक्त एका वर्षाने लहान. त्या भूमिकेत तिने काय केलं ते तुला मी सांगायला नको. म्हणून आईचं काम हा अपमान आहे असं मी म्हणणार नाही. ती आई काय करते, एवढं विचार. तिला स्वतःचा ट्रॅक आहे, की नुसतं देव्हाऱ्यापुढे उभं राहून "बाळा, जेवलास का?" म्हणायचं? पहिल्या महिन्याची कथा मागून घे. द्यायला कचरले तर समज की आईला कथाच नाही.

मला खटकतं ते पुढचं. आई म्हणून तू त्यांना वयस्क हवीस आणि पडद्यावर मात्र वय दिसायला नको. मालिकेने वीस वर्षांची झेप घेतली की हेच लोक तिशीतल्या मुलीच्या कानशिलावर पांढरा पट्टा ओढून तिला सासू करतात. तुझे पांढरे केस खरे आहेत, मेकअपवाल्याला हातही लावायला नको, तर ते काळे कर म्हणे! आणि नायकाच्या दाढीत पांढरं दिसलं की त्याचा 'लूक' होतो.

एचडीचं निमित्तही जुनंच. बीबीसीच्या 'कंट्रीफाइल' कार्यक्रमातल्या मिरियम ओरायली या निवेदिकेलाही एचडी येतंय तेव्हा सुरकुत्या सांभाळा, असं ऐकवलं होतं. 2009 मध्ये तिला कार्यक्रमातून काढलं. ती दावा लावायला गेली आणि जानेवारी 2011 मध्ये तिथल्या कामगार न्यायाधिकरणाने वयावरून भेदभाव झाल्याचा निकाल दिला. आपल्याकडे खासगी कामात वयावरून डावललं तर तसा थेट कायदा नाही. म्हणून जे काही सांभाळायचं ते करारातच सांभाळायचं.

कपाळाचं करून घ्या म्हणजे सुरकुत्यांवर बोटॉक्सचं इंजेक्शन. ते घेऊ नकोस असं मी तुला सांगणार नाही. चेहरा तुझा आहे. उद्या तुला स्वतःला वाटलं म्हणून घेतलंस तर मी नाक मुरडणार नाही, केस पांढरे ठेवणारी तेवढी धीट आणि रंगवणारी भित्री असली वाटणीही मला मान्य नाही. पण नटी म्हणून विचार कर. बोटॉक्स स्नायू सैल करतं आणि त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. मालिका वर्षभर चालली तर पुन्हा पुन्हा टोचून घ्यायचं. ते पैसे कोणाचे? आणि क्लोजअपमध्ये आईच्या कपाळाला आठी पडायला हवी तेव्हा ती पडलीच नाही, तर "मॅडम, एक्स्प्रेशन येत नाही" हेही तुलाच ऐकवतील. घ्यायचंच ठरलं तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, पार्लरमधल्या ताईकडे नको.

पैशांची गरज आहे हे तू एका ओळीत लिहून मोकळी झालीस, मला वाटतं पत्रात खरी ओळ तीच आहे. तेव्हा मुलीचं ऐकून दार लावून घेऊ नकोस, आणि वहिनीचं ऐकून लगेच होही म्हणू नकोस. लूक टेस्ट द्यायला तयार आहे म्हणून कळव. जाताना केस आहेत तसेच ठेव, इंजेक्शन वगैरे काही करून जाऊ नकोस. बघू देत काय मिळतंय ते. आवडलं तर मग बोलणी: महिन्याला किती दिवसांचं काम नक्की, दिवसाचे किती, पैसे किती दिवसांनी हातात येणार. काम केल्यावर नव्वद दिवसांनी पैसे, ही मालिकांची उधारी तुला माहीतच आहे, तोवर घर कशावर चालवायचं याचा हिशोब आधी मांड. केस काळेच हवेत म्हणाले तर विग मागायचा, तो त्यांच्या खर्चाने. चेहऱ्यावर काही करण्याची अट तोंडी असेल तर म्हणायचं, "लिहून द्या, खर्चासकट." लिहायची वेळ आली की अशा अटी पुष्कळदा आपोआप गळतात. नाही गळली, तर कोणाशी काम करायचंय ते तुला सहीच्या आधीच कळेल.

ही एकच मालिका धरून बसू नकोस. नीना गुप्ताने 2017 मध्ये साठीच्या उंबरठ्यावर इन्स्टाग्रामवर सरळ लिहिलं होतं, की मी मुंबईत राहते, चांगली अभिनेत्री आहे, मला काम हवंय. पुढच्याच वर्षी 'बधाई हो' आला. सगळ्यांचं तसं होत नाही, मलाही कळतं. पण तू वेंगुर्ल्याला राहतेस म्हटल्यावर तू काम सोडलंस अशीच मुंबईत समजूत असणार. नवे फोटो काढशील तेव्हा त्यांच्याखाली दोन ओळी लिही, आणि जुन्या दिग्दर्शकांना, नाटकवाल्यांना स्वतः फोन कर.

बोलणी करायला मात्र परसात जा. वहिनी समोर बसून "हो म्हण, हो म्हण" अशा खुणा करायला लागली तर तुझा आकडा तिथेच खाली येईल.

– माई