प्रदूषण तर सगळ्यांनाच लागतं, मग त्यात गरीब-श्रीमंत कुठून आलं?

"हवा काय खिसा बघून नाकात शिरत नाही" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. पण घर कुठे घ्यायचं ते खिसाच ठरवतो ना. हायवेला चिकटून, कारखान्याच्या मागे, कचरा डेपोशेजारी भाडं कमी असतं, तिथे कोण राहायला जातं ते मी वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतलं फ्लिंट बघा, मिशिगन राज्यात आहे, तेव्हा साधारण ४० टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली. २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराला फ्लिंट नदीचं पाणी द्यायला लागले आणि पाइप गंजू नयेत म्हणून जे केमिकल टाकायचं असतं तेच टाकलं नाही, मग जुन्या पाइपांतलं शिसं थेट नळाला. लोक ओरडत होते, अधिकारी म्हणत होते पाणी ठीक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या प्लांटने ते पाणी घेणं बंद केलं, का तर इंजिनाचे पार्ट गंजायला लागले, आणि त्यांना दुसरीकडून पाणी मिळालंसुद्धा! माणसं मात्र पुढचं वर्षभर तेच पीत होती.

शिशाचं मला जास्त भयंकर वाटतं कारण बहुतेक वेळा ते कळतच नाही, ताप नाही खोकला नाही, पोर नुसतं अभ्यासात मागे पडतं, चिडचिडं होतं, आणि सगळे त्यालाच बोलतात. त्यात पोट रिकामं असेल, अंगात लोह कमी असेल तर शरीर शिसं जास्त शोषतं, म्हणजे तेवढंच शिसं नीट खाऊन-पिऊन असलेल्या मुलापेक्षा याला जास्त बाधणार. पुढे शिक्षण कमी, कमाई कमी, घर परत तसल्याच वस्तीत. युनिसेफचा २०२० चा रिपोर्ट म्हणतो की जगातल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त आहे.

एकूण प्रदूषणाचं म्हणाल तर लॅन्सेट कमिशनच्या (लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेला तज्ज्ञांचा गट) अंदाजाने वर्षाला ९० लाखांच्या आसपास मृत्यू, त्यातले ९० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत (तिथे लोकसंख्याही जास्त आहे, ते मान्य).

आणि कमेंटमध्ये कुणीतरी एअर प्युरिफायर घ्या म्हणेलच, ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. पण पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, अगदी शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियातही, तेव्हा त्याचा फायदा घ्यायला कुणाला काही विकत आणावं लागलं नाही.