नोकरी सांभाळून घरच्या घरी जर्मन: वेळापत्रक कसं आखाल

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: चौदा महिन्यांनी नवरा-बायको दोघांनी श्टुटगार्टला जायचंय, घर कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, क्लासची वेळ काही केल्या जमत नाही. तेव्हा घरी अभ्यास करून जर्मनची बी१ (ए१, ए२ नंतरची तिसरी पातळी) गाठता येईल का आणि दिवस कसा बसवायचा? मी पुण्याचीच, सध्या श्टुटगार्टजवळ राहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हिशेब. ग्योटे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं बोट क्लब रोडवरचं मॅक्सम्युलर भवन, शून्यापासून बी१पर्यंत ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका धरतं. रोज एक तासिका केलीत आणि गणपती, दिवाळी, आजारपण, ऑफिसातले रिलीजचे आठवडे वजा केले, तर तुम्ही कशाबशा ३५०पर्यंत पोचता. म्हणजे जमेल, पण रोज एकीपेक्षा थोडं जास्त हवं आणि सुरुवात याच आठवड्यात हवी.

ते जास्तीचं कुठून आणायचं? तुमच्या कंपनीच्या बसमधून. बहुतेक जण पुस्तकाच्या धड्यांवरून वेळापत्रक करतात: सोमवारी धडा तीन, मंगळवारी धडा चार. मी म्हणेन, दिवसातला कुठला तुकडा कशासाठी मोकळा आहे ते आधी बघा. बसमध्ये कान मोकळे असतात, तोंड नसतं. सकाळी घर उठायच्या आधी तोंड मोकळं असतं. रात्री जेवणानंतर हात चालतो, डोकं फारसं नाही. आपण पुण्याची मुलं लेखी परीक्षा देत वाढलेली. मोकळं सोडलं की व्याकरणाचं पुस्तक उघडून तक्ते पाठ करत बसतो. वाचनाचा अभ्यास आपोआप होतो. ऐकण्याबोलण्याचा मुद्दाम आखावा लागतो, आणि इथे आल्यावर घोडं अडतं ते नेमकं तिथेच: डॉक्टरकडे अपॉइंटमेंट घेताना, घरमालकाच्या फोनवर, पाळणाघरात.

सकाळची पंचवीस मिनिटं तोंडासाठी ठेवा. डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स फुकट आहे आणि ए१पासून बी१पर्यंत जातो, तोच कणा धरा. त्यातला मिनिटभराचा संवाद घ्यायचा, एकेक वाक्य ऐकून त्याच चालीत मोठ्याने म्हणायचं, फोनवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ऐकायचं. पहिले काही दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी ऐका. आपल्याकडे नसलेला 'उ'वरच्या दोन टिंबांचा स्वर जमत नसेल तर ओठ 'ऊ'सारखे करून 'ई' म्हणा.

बसमध्ये जाताना तोच सकाळचा संवाद पुन्हा, येताना नवं काहीतरी. ए२ झाल्यावर डॉइच वेलेच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या लावा, त्यांचा मजकूरही मिळतो. चांदणी चौकात अडकलात तर दुसऱ्यांदा ऐका.

रात्री अँकीची, म्हणजे शब्दांची उजळणी करून घेणाऱ्या ॲपची, कार्डं. रोज दहाच नवी, जास्त नकोत, कारण दहा नवी म्हणजे काही आठवड्यांत रोजची उजळणी शंभरच्या आसपास जाते आणि मग माणूस ॲपच काढून टाकतो. कार्डावर सुटा शब्द नको, छोटं वाक्य हवं. नाम असेल तर त्याचं लिंग दाखवणारं डेर, डी किंवा डास आणि अनेकवचन सोबत. गडबडीच्या आठवड्यात नवी कार्डं शून्यावर आणा, उजळणी मात्र सोडू नका. ड्युओलिंगो खुशाल खेळा, तासिकेत धरू नका.

अर्थ मराठीत लिहा, इंग्रजीत नाही. हा भाषाभिमान नाही, सोय आहे. तीन लिंगं आणि विभक्त्या इंग्रजीतून समजावून घ्यायला जड जातात, आपल्याला त्या नव्या नाहीत. 'मला थंडी वाजते' हे जर्मनमध्येही 'मला'नेच म्हणतात, 'मी'ने नाही. 'कारण'ने सुरू होणाऱ्या पोटवाक्यात त्यांचंही क्रियापद शेवटी जातं. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो मग वीस, तेही तसंच. लिंगं मात्र जुळतील असं धरू नका: सूर्य तिथे स्त्रीलिंगी, टेबल पुल्लिंगी. ती पाठच करायची. आणि घड्याळ नीट शिका. 'हाल्ब द्राय' (शब्दशः 'अर्धे तीन') ऐकून साडेतीनला जाऊ नका, ते अडीच असतं. आमच्याकडे श्वाबेनमध्ये, म्हणजे श्टुटगार्टच्या भागात, पावणेतीनला तर सरळ 'तीनचा पाऊण' अशा अर्थाचं बोलतात.

शनिवारी लेखन. बी१ परीक्षेत ईमेल आणि मत मांडणारा मजकूर असतो. आठवड्याला एक लिहा. चॅटबॉटकडून तपासून घ्या, लिहून घेऊ नका, आणि प्रत्येक चुकीचं कारण विचारून एका वहीत उतरवा. तीच वही परीक्षेआधी कामाला येते, बाकी नोट्स कुणी उघडत नाही.

एका गोष्टीवर पैसे खर्च करा: ए१ संपल्यावर आठवड्याला एक तास माणसाशी बोलणं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकून शिकवण्या घेणारे पुण्यात कमी नाहीत, ऑनलाइनही भेटतात. त्यांना आधीच सांगा की व्याकरण शिकवू नका, माझ्याशी बोला आणि चुका शेवटी सांगा. संपूर्ण स्वयंअध्ययनाचा हट्ट इथे मला पटत नाही. घरी एकट्याने बोलताना कुणी मधेच 'काय म्हणालात?' असं विचारत नाही, आणि सवय त्याचीच व्हायला हवी.

परीक्षेचं: ग्योटे बी१चे वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग आहेत, प्रत्येकात शंभरपैकी साठ लागतात आणि ते सुटे सुटे देता येतात. एक राहिला तर तेवढाच पुन्हा. पुण्यातल्या तारखा लवकर भरतात, म्हणून दहाव्या महिन्याच्या सुमारास नाव नोंदवा. तारीख पक्की झाली की अभ्यासही हलतो. घाई कशाला म्हणाल तर ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, येणाऱ्याला बी१ असेल तर कायम वास्तव्याचा परवाना २१ महिन्यांनी मागता येतो, ए१वर २७ महिन्यांनी.

आता तुम्ही न विचारलेलं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही, म्हणून बरेच जण जोडीदाराचा अभ्यास 'तिथे गेल्यावर बघू' वर टाकतात. तुमचं ऑफिस इंग्रजीत चालेल. घरी असणाऱ्याच्या वाट्याला दुकान, टपाल, शेजारी, शाळेच्या चिठ्ठ्या, सगळं जर्मनमध्ये येतं. सकाळची पंचवीस मिनिटं दोघांनी मिळून करा, संवादातली एकेक भूमिका वाटून घ्या. निदान ए२ दोघांची पुण्यातच होऊ द्या.